आरोग्यदूताच्या हाती सुई

जेंटामायसिन हे प्रतिजैविक तोंडाने दिले तर आतड्यातून रक्तात जवळजवळ शिरतच नाही, म्हणून ते टोचावे लागते. मात्रा कमी पडली तर जंतू उरतात, वाढली तर मूत्रपिंडाला आणि कानाला इजा होते. असे औषध जेमतेम शाळा शिकलेल्या खेड्यातल्या स्त्रियांच्या, म्हणजे आरोग्यदूतांच्या, हाती देण्याचे धाडस गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९०च्या दशकात केले.

सुरुवात त्याआधी न्यूमोनियापासून झाली होती. दाईला साठपर्यंत मोजता येत नसले तरी बाळाचा श्वास मोजता यावा, म्हणून मण्यांचे साधन तयार झाले. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. मिनिटभराच्या वाळूच्या घड्याळातली वाळू संपण्याआधी लाल मणी सरकला तर न्यूमोनिया समजून कोट्रायमोक्साझोल हे प्रतिजैविक द्यायचे. औषध केव्हा द्यायचे हे इथे साधनच सांगे.

नवजात बाळाच्या जंतुदोषाचे काम याहून अवघड. १९९५ पासून ३९ गावांत आरोग्यदूत घरोघरी जाऊन बाळाचे वजन आणि तापमान नोंदवू लागल्या. सुई मात्र लगेच हाती आली नाही. जंतुदोषावरचे उपचार दुसऱ्या वर्षी सुरू झाले. आधी लक्षणे ओळखायची: रडणे क्षीण होणे, दूध ओढणे कमी होणे, हातपाय ढिले पडणे, अंग गार लागणे. एकाच लक्षणावर औषध नाही. ठरलेल्यांपैकी निदान दोन एकाच वेळी दिसायला हवीत. मग दवाखान्यात न्यायचा सल्ला, आणि पालक नाही म्हणाले तर त्यांच्या लेखी संमतीने घरी उपचार. जेंटामायसिनची सुई, जोडीला तोंडाने कोट्रायमोक्साझोल.

प्रशिक्षणाचे खरे मर्म इथे आहे. औषधशास्त्राचे पाठांतर करून घेण्यापेक्षा चुकायच्या जागाच कमी केल्या गेल्या. औषधे मोजकी, नियम पक्के, प्रत्येक बाळाची लेखी नोंद आणि वर तपासणारा पर्यवेक्षक. पदवीने हे आपोआप साधते असे नाही.

निकाल डिसेंबर १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये छापून आला. उपचारांआधी जंतुदोष झालेल्या बाळांपैकी १६.६ टक्के दगावत. आरोग्यदूतांनी उपचार केलेल्यांत ते प्रमाण २.८ टक्क्यांवर आले. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या मानाने सुमारे ६२ टक्क्यांनी घटला. ही घट एकट्या सुईची नव्हे. ऊब, स्तनपान आणि जन्मतः गुदमरलेल्या बाळाला श्वास देणे यांचाही त्यात वाटा होता.

२०११ मध्ये केंद्र सरकारने घरोघरी नवजात बाळाची काळजी देशभर आशा कार्यकर्त्यांकडे सोपवली, पण जेंटामायसिन त्यांच्याकडे दिले नाही. २०१४च्या मार्गदर्शक सूचनांनी ते विशिष्ट परिस्थितीत देण्याची मुभा एएनएमला (सहायक परिचारिका-प्रसाविकेला) मिळाली.