लुत्सिया फ्रे आणि जेवताना भिजणारा गाल

कानापुढील लालाग्रंथीवर शस्त्रक्रिया होऊन काही महिने लोटल्यावर, जेवावयास बसताच त्याच बाजूचा गाल घामाने निथळू लागतो; त्यावर बोटॉक्सची सुई घ्यावी काय, असे पारशिवनीच्या एका वाचकाने विचारले आहे. सावजी रश्शाने कपाळाला घाम फुटणे हा निसर्गाचा बंदोबस्त होय. परंतु साध्या वरणभातानेही एकच गाल भिजावा, ही तक्रार निराळी आहे. पूर्वीच्या वैद्यांनी तिचे वर्णन केले होते; तथापि तिचे मूळ घर्मग्रंथींत नसून कानाजवळून शंखभागाकडे जाणाऱ्या मज्जातंतूत आहे, हे वॉर्सातील लुत्सिया फ्रे या विदुषीने, गोळीने जखमी झालेल्या एका सैनिकाची बारकाईने तपासणी करून, 1923 साली मांडले. पुढे इतरांनी उलगडा केला तो असा: पेंचच्या कालव्याचा पाट फुटून धानाचे पाणी शेजाऱ्याच्या वावरात शिरावे, तसे लाळेचा हुकूम नेणारे तुटलेले तंतू पुन्हा वाढताना वाट चुकून घर्मग्रंथींना जाऊन भिडतात. या विकाराला फ्रे यांचे नाव लाभले खरे. पण 1942 मध्ये ल्वूवच्या घेट्टोत नाझींच्या हत्याकांडात ज्यांचा अंत झाला असे मानतात, त्या बाईंविषयी पाठ्यपुस्तकांत एक ओळही सहसा नसावी, याची खंत वाटते.

लाळ व घाम या दोहोंचा निरोप्या ॲसिटिलकोलीन हाच. आणि बोटॉक्समधील बोट्युलिनम विष मज्जातंतूच्या टोकाशी त्याचीच सुटका रोखते. या विषाने त्वचा कोरडी पडते हे पाहून, ते अतिघामावर औषध म्हणून वापरता येईल, अशी कल्पना जर्मन कवी-वैद्य युस्टिनुस केर्नर यांनी 1822 मध्येच मांडली होती!

उपचारापूर्वी गालावर आयोडीन फासतात, ते वाळल्यावर स्टार्चची भुकटी भुरभुरतात आणि रोग्यास काही आंबट चघळावयास देतात; घाम फुटेल तेथे काळेनिळे ठिपके उमटतात. तेवढ्याच जागेत, सुमारे एकेक सेंटिमीटर अंतरावर, त्वचेच्या थरातच अल्प मात्रा टोचतात. सुई खोल गेल्यास स्नायू दुबळा होऊन ओठाचा कोपरा काही काळ वाकडा होतो. गुण अनेक महिने टिकतो, कायमचा नव्हे. घामावरील वापरासाठी बोटॉक्सला अमेरिकेत 2004 साली मंजुरी मिळाली ती काखेतील घामापुरती. तेव्हा सौंदर्यालयांच्या जाहिरातींवर भिस्त न ठेवता, आधी घाम रोखणारी लावावयाची औषधे आजमावून, मग त्वचारोग किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून ती आयोडीनची चाचणी करून घ्यावी.