रस्सा पोटात, प्रथिने पातेल्यात

राजारामपुरीत काय किंवा कोल्हापुरातल्या कुठल्याही पेठेत काय, मांसाहारी घरात आजारातून उठलेल्या आजोबांपुढे बहुधा पांढऱ्या रश्शाची वाटी येते. ‘चावायचा त्रास नको’ म्हणून मटणाचे तुकडे बाजूला काढलेले असतात. सगळी ताकद रश्शात उतरली, अशी घरच्यांची समजूत असते. ती जरा तपासून पाहू.

मटण शिजताना स्नायूंतली प्रथिने गोठतात आणि बहुतांशी तुकड्यांतच राहतात. अंडे उकडल्यावर त्यातला पांढरा भाग घट्ट होतो, तसेच हे. हाडे आणि कूर्चा यांतल्या कोलॅजेनचे मात्र जिलेटिन होऊन ते पाण्यात उतरते. गार झालेला रस्सा कधी कधी थुलथुलीत होतो तो यामुळेच. जिलेटिन हेही प्रथिनच, पण त्यात ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसते. खोबऱ्याचे दूध, तीळ, खसखस यांतून येतो तो मुख्यतः स्निग्धांश. म्हणजे आजोबांना पाणी मिळाले, उष्मांक मिळाले, पण स्नायूंच्या दुरुस्तीचा माल पातेल्यातच राहिला!

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने हवीत. म्हातारपणी स्नायू प्रथिनांना मंद प्रतिसाद देतात, म्हणून अनेक तज्ज्ञ वृद्धांसाठी किमान १ ग्रॅम सुचवतात. ५० किलोच्या आजींना झाले ५० ग्रॅम. मऊ भाताच्या वाटीतून मिळतात जेमतेम तीन-चार. अंथरुणावर पडल्यावर मांड्यांचे स्नायू झपाट्याने झिजतात, आणि मग उठताना तोल जातो.

मग रस्सा बंद करायचा? मुळीच नाही. वयाबरोबर वासाची जाणीव मंदावते, आणि आपण ज्याला चव म्हणतो तिचा मोठा वाटा वासाचाच असतो. वर्गात करून पाहा: नाक चिमटीत धरून वेलदोडा घातलेली साखर चघळायला द्या. फक्त गोड लागेल. नाक सोडताच वेलदोडा ‘येतो’. वृद्धाश्रमात सर्वांना चालेल असे अळणी जेवण एकाच भांड्यात शिजते, तेव्हा ताटे अर्धी परत का जातात हे यावरून कळावे. ओळखीचा खमंग वास भूक जागी करतो. मीठ वाढवण्यापेक्षा लसूण-जिऱ्याची फोडणी बरी.

तेव्हा त्याच रश्शात ५० ग्रॅम खिमा मऊ शिजवावा. १० ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. शाकाहारी घरात ३० ग्रॅम बेसनाच्या पिठल्यातून सुमारे ६ आणि पेलाभर म्हशीच्या दुधातून ७-८ ग्रॅम मिळतात. पिठल्यात कुस्करलेली भाकरी दात नसलेल्यालाही जमते. दूधकट्ट्यावरचे धारोष्ण दूध मात्र उकळूनच द्यावे.

मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रथिने वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावे. पातळ पदार्थ पिताना वारंवार ठसका लागत असेल, तर रस्सा श्वासनलिकेत जात असण्याची शक्यता असते; अशा वेळी तो दाटसर करून, बसवून, चमच्याचमच्याने द्यावा आणि डॉक्टरांनाही दाखवावे.