एका क्रमांकावर दोन बिऱ्हाडे

सोलापुरात १८७७ साली उभी राहिलेली आणि पुढे साऱ्या गावाच्या तोंडी ‘जुनी गिरणी’ याच नावाने रुळलेली कापडगिरणी ज्या काळातली, त्या काळी बाष्पयंत्राने फिरणारा छताखालचा लोखंडी दांडा आणि त्या दांड्यावरून पट्ट्यांनी चालणारे मागामागून माग अशी गिरण्यांची रचना असल्यामुळे, कोणत्या मागाने किती शक्ती खाल्ली हे विचारण्याची सोयच नव्हती. कोळसा किती जळला एवढाच काय तो हिशेब दप्तरी रुजू होत असे. आज अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेल विणणाऱ्या कारखानदाराचे तेवढ्यावर भागत नाही. विजेचे बिल महिन्याकाठी त्याच्या नफ्याचा लचका तोडीत असते, आणि तो कोठे तोडला जातो हे कळावे म्हणून सायझिंगला एक, रंगाईला एक, कॉम्प्रेसरला एक, मागांच्या प्रत्येक रांगेला एक असे डिजिटल मीटर तो पॅनेलोपॅनेली बसवतो व ते सर्व दोन पिळलेल्या तारांच्या एकाच जोडीवर ओवून ती जोडी कार्यालयातील संगणकापर्यंत नेतो. अनेकांनी मिळून वापरावयाच्या अशा सामाईक वाटेला संगणकाच्या परिभाषेत बस म्हणतात. वाट सामाईक झाली की प्रत्येकाला पत्ता द्यावा लागतो, आणि पत्ते दिले की एकाच पत्त्यावर दोघे येऊन बसण्याचा संभवही ओघानेच येतो. हा दोष दिसावयास क्षुल्लक. परंतु तो आपल्या तोंडाने कधीच बोलत नाही, आणि त्याला बोलते कसे करावे हाच या लेखाचा विषय आहे.

या तारांवर बहुधा जी भाषा चालते तिचे नाव मॉडबस. मॉडिकॉन या अमेरिकी कंपनीने ती १९७९ मध्ये आपल्या कारखानी नियंत्रकांसाठी रचली. तिचे वाहन झालेले आरएस-४८५ हे विद्युत मानक १९८३ चे. दोन्ही चाळिशी ओलांडून गेली तरी अद्याप निवृत्त झालेली नाहीत, कारण ती स्वस्त आहेत आणि कोणा एकाच्या मक्त्यात नाहीत. शिस्त कडक आहे. प्रश्न विचारण्याचा अधिकार एकट्या मुख्य यंत्राला. त्याने ज्याचा क्रमांक पुकारला त्यानेच उत्तर द्यावे, बाकीच्यांनी ऐकून न ऐकल्यासारखे करावे. क्रमांक १ पासून २४७ पर्यंत. शून्य हा सर्वांना उद्देशून काढलेला हुकूम, ज्याची तामील करावयाची पण ज्याला उत्तर द्यावयाचे नाही. एवढ्या मोठ्या शिस्तीत एका गोष्टीचा बंदोबस्त मात्र कोठेच केलेला नाही: माझा क्रमांक आणखी कोणी घेतला आहे काय, हे विचारण्याची मुभा कोणत्याही मीटरला नाही.

टपालाच्या कारभारात ही उणीव फार पूर्वी ध्यानात आली होती. एकाच नावाची गावे देशभर विखुरलेली, त्यांत लिपी आणि भाषा अनेक, यामुळे भरकटणाऱ्या पत्रांना आळा बसावा म्हणून श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याच्या योजनेतून १५ ऑगस्ट १९७२ पासून सहा आकडी पिन क्रमांक अमलात आला. तो यशस्वी झाला याचे एक कारण असे, की तो वरून, एका हाताने मुक्रर केलेला आहे. कोणत्याही टपाल कचेरीने आपला क्रमांक आपण निवडलेला नाही. मीटरांची स्थिती नेमकी उलट. बाजारात येणारे बहुतेक मीटर कारखान्यातूनच क्रमांक १ घेऊन बाहेर पडतात, आणि तो बदलण्याचे काम वायरमनच्या स्मरणशक्तीवर सोपवलेले असते. रात्रपाळीत एखादे मीटर जळाले, माग बंद ठेवणे परवडत नाही म्हणून कपाटातले दुसरे घाईघाईने बसवले, त्याचे आकडे डोळ्यांसमोर लुकलुकू लागले, की काम झाले असे सर्वांनाच वाटते. आठवड्याने कोणीतरी तक्रार करतो की कॉम्प्रेसरचे युनिट संगणकावर येत नाहीत आणि सायझिंगचे येतात ते वेडेवाकडे. या दोन तक्रारी एकाच दोषाच्या आहेत हे त्या वेळी फारसे कोणाच्या लक्षात येत नाही.

तारेवर काय घडते ते जवळून पाहण्यासारखे आहे. सेकंदाला ९६०० बिट या नेहमीच्या वेगात एक बिट सुमारे १०४ मायक्रोसेकंदांचा असतो आणि आठ बाइटांचा प्रश्न सुमारे सव्वाआठ मिलिसेकंदांत संपतो. आता समजा, क्रमांक ७ ची दोन मीटर आहेत. दोघांनीही प्रश्न ऐकला, दोघांनाही तो आपल्यालाच वाटला. एकाने वीस मिलिसेकंदांत उत्तर आरंभले, दुसऱ्याने तेवीस. पहिल्याचे तीन बाइट बाहेर पडतात न पडतात तोच दुसरा बोलू लागतो. बोलणारे मीटर बहुधा स्वतःचे बोलणे ऐकत नाही, म्हणून कोणीच थांबत नाही. जेथे एक तारजोडीला धन दिशेने ओढतो आणि दुसरा ऋण दिशेने, तेथे दीड व्होल्ट वा त्याहून अधिक असावयाचा फरक मधल्या मध्ये कोठेतरी लोळू लागतो. ऑसिलोस्कोपवर पाहिले तर ताठ चौकोनी लाटांमध्ये मध्येच बसकी, खुरटलेली लाट दिसते. मानकाने अशा झोंबाझोंबीत वाहणाऱ्या प्रवाहाला २५० मिलिअँपिअरची मर्यादा घातलेली असल्यामुळे काही जळत नाही, धूर निघत नाही. दोष उघड करणारा एक साक्षीदार त्यामुळे आधीच गैरहजर झाला, असे म्हणावयास हरकत नाही. मुख्य यंत्राच्या हाती पडते ते कडबोळे, आणि संदेशाच्या शेवटी जोडलेला सोळा बिटांचा पडताळा न जुळल्यामुळे ते फेकून दिले जाते. निव्वळ कचराही योगायोगाने पडताळ्यातून निसटू शकतो, परंतु तो ६५,५३६ मध्ये एकदा. तेवढी जोखीम आपण पत्करतोच.

हे झाले दोघांची उत्तरे वेगळी असताना. खरी कैफियत पुढे आहे. एकाच बनावटीची, एकाच आवृत्तीची दोन यंत्रे असली तर त्यांचा उत्तराचा विलंब जवळजवळ तंतोतंत सारखा असू शकतो, आणि विचारलेल्या प्रश्नाचे उत्तरही सारखेच असले तर दोघांचे बिट एकमेकांवर असे चपखल बसतात की मुख्य यंत्राला एकच स्वच्छ, बिनतक्रार उत्तर मिळते. ‘चालू की बंद’ एवढेच विचारले आणि दोघेही बंद असले, तर भांडण कोठेच नाही. याहूनही गंभीर बाब हुकुमाची. मॉडबसमध्ये एखाद्या नोंदीत मूल्य लिहिण्याचा साधा हुकूम दिला की त्याची पोच म्हणून तोच हुकूम अक्षरशः परत पाठवावयाचा असतो. रंगाई विभागातील पंपाचा आणि पंख्याचा ड्राइव्ह, म्हणजे मोटारीची गती ठरवणारी यंत्रे, एकाच क्रमांकाचे असले, तर पंपाची गती कमी करण्याचा हुकूम दोघेही पाळतात, दोघांची पोच शब्दशः एकच असते, आणि संगणकाच्या पडद्यावर सारे आलबेल दिसते. म्हणजे चुकून वाचले तर दोष बहुधा ओरडतो आणि चुकून लिहिले तर तो बहुधा गप्प बसतो. ज्याने ही पोचेची पद्धत ठरवली त्याच्या मनात साधेपणा होता, हे मान्य. तरीही मला ही रचना धोक्याचीच वाटते.

छोट्या सर्किटांच्या पाटीवर, चिपा-चिपांमध्ये चालणाऱ्या आयटूसी या बसमध्येही, जी फिलिप्स कंपनीने १९८२ मध्ये आणली, हीच गंमत वेगळ्या रूपाने दिसते. तेथे पत्ता पुकारल्यावर हजर असलेल्या चिपेने तार खाली ओढून हजेरी द्यावयाची असते. एकाने ओढली काय किंवा दोघांनी ओढली काय, तार खालीच; हजेरीपटावर दोघे मिळून एकच इसम दिसतो. वाचताना मात्र जो शून्य बोलतो त्याची सरशी होते: एकाकडे १०११०११० आणि दुसऱ्याकडे ११०१०००१ असली, तर हाती येते १००१००००, जे दोघांपैकी कोणाचेच नव्हे. अशी संख्या पडताळ्याशिवाय आली तर ती खरी मानली जाते. खोलीचे तापमान उगीचच काही अंश कमी दाखवणाऱ्या यंत्रात कधीकधी एवढेच घडलेले असते.

तपासाचे सूत्र या सर्वातून आपोआप निघते, आणि ते असे, की दोघांचे उत्तर निश्चितच भिन्न असेल असाच प्रश्न विचारावा. मीटरच्या ज्या नोंदीत त्याचा अनुक्रमांक, म्हणजे कारखान्यात त्याच्यावर कायमचा कोरलेला आकडा असतो, ती वाचावी. दोन मीटरांचा अनुक्रमांक एक असू शकत नाही, तेव्हा तेथे टक्कर व्हावयालाच हवी. त्याआधी दोषाची जात ओळखून घ्यावी. मोटारींच्या गोंगाटाने किंवा ढिल्या स्क्रूने होणारे बिघाड सहसा एका क्रमांकावर थांबत नाहीत. पत्त्यांची टक्कर एकाच क्रमांकावर होते, आणि तिच्या जोडीला दुसरा एखादा अपेक्षित क्रमांक अगदी मुका झालेला असतो. एक बरळतो आणि एक मुका आहे, असे दिसले की निम्मा निकाल लागला. उरलेला निम्मा पाना-पेचकस हाती घेऊन लावावयाचा: ज्याच्यावर ७ लिहिले आहे ते मीटर तारेवरून सोडवावे आणि संगणकावरून पुन्हा ७ पुकारावा. तरीही उत्तर आले, आणि तेही आता स्वच्छ आले, तर दुसरे बिऱ्हाड आहे याची खातरजमा झाली. मीटर पुष्कळ असतील तर तार मध्यावर तोडून अर्धी-अर्धी तपासीत जावे. ३२ मीटरांतून पाच पायऱ्यांत माणूस सापडतो.

मोठ्या संगणकांच्या जगाने ही कटकट सोसून झाल्यावर तिच्यावर उपायही शोधले. १९८१ च्या आयबीएम पीसीमध्ये घालावयाच्या प्रत्येक कार्डाचा पत्ता इवल्याशा टोपणांनी ठरवावा लागे, आणि दोन कार्डे एका पत्त्यावर आली की संगणक अडून बसे. १९९३ मध्ये इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी ‘प्लग अँड प्ले’ची पद्धत मांडली, तिच्यातील युक्ती मला आजही सुंदर वाटते. प्रत्येक कार्डाला एक अनन्य लांब आकडा दिलेला असतो. सर्व कार्डांनी तो एकेक बिट करून एकाच वेळी सांगावयाचा. ज्याचा बिट एक असेल त्याने तारेवर ठराविक खूण सोडावी, ज्याचा शून्य असेल त्याने गप्प राहून ऐकावे. ऐकताना दुसऱ्या कोणाची खूण दिसली की माघार घ्यावी. शेवटी एकच उरतो. त्याला क्रमांक दिला जातो आणि उरलेल्यांची फेरी पुन्हा सुरू होते. ट्रक व इतर अवजड वाहनांतील जे१९३९ या पद्धतीत तर यंत्र जागे होताच आपल्या पत्त्यावर हक्क सांगते; दुसऱ्याने तोच हक्क सांगितला तर दोघांची ६४ बिटांची नावे ताडून पाहतात, लहान आकड्याचा दावा मंजूर होतो, आणि हरलेल्याने एक तर दुसरा पत्ता घ्यावा, नाहीतर आपल्याला पत्ता मिळाला नाही असे जाहीर करावे लागते. दोन्हींच्या मुळाशी तत्त्व एकच: बदलता येणारा पत्ता वेगळा आणि जन्मतः मिळालेली ओळख वेगळी, आणि पत्त्याचा तंटा ओळखीच्या दाखल्यावर मिटवावयाचा.

मॉडबसला ही शहाणीव उशिरानेही मिळालेली नाही, आणि मिळेल असे दिसत नाही. लाखो जुनी यंत्रे ज्या भाषेवर चालतात ती भाषा सुधारण्याची घाई कोणालाच नसते. तेव्हा वरून क्रमांक मुक्रर करणारी ती एक कचेरी कारखानदारालाच आपल्या घरी उघडावी लागेल, आणि त्यासाठी खर्च एका वहीचा आहे. नवे मीटर पॅनेलवर चढवण्याआधी टेबलावर एकटे जोडून त्याचा क्रमांक बदलावा. तो क्रमांक आणि मीटरचा अनुक्रमांक वहीत व पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला, दोन्हीकडे लिहावा. जळालेले मीटर काढताना त्याचा क्रमांक आधी वाचून घ्यावा. आणि क्रमांक १ कोणालाही देऊ नये, तो कायमचा रिकामा ठेवावा. मग ज्या दिवशी १ पुकारल्यावर उत्तर येईल, त्या दिवशी कोणीतरी नवे मीटर क्रमांक न बदलताच बसवले आहे, हे वेगळा तपास न करता कळेल.