किल्ल्या दिल्या, शिकवण कोण देणार?

गेल्या हिवाळ्यात आमच्या मोहल्ल्यातील आम्ही काही जणी मिळून ब्लँकेट वाटायला निघालो. इशाची नमाज झाली होती. उड्डाणपुलाखाली एक बाई दहा-अकरा वर्षांच्या मुलीला कुशीत घेऊन बसली होती. थंडीपेक्षा तिला मुलीचीच धास्ती होती. शहरात बेघरांसाठी निवारा केंद्र आहे हे मला ठाऊक होते. आम्ही मायलेकींना रिक्षात बसवून तिकडे नेले.

दारात काळजीवाहक बसला होता, शेजारी चार-पाच पुरुष. त्याने मान वर न करता विचारले, "आधार कार्ड? नवरा कुठे आहे? घर का सोडलं?" बाई गप्प राहिली. तेव्हा तिच्या वतीने मीच बोलू लागले. रिक्षात तिने विश्वासाने जे सांगितले होते, ते सारे मी त्या पुरुषांदेखत सांगून मोकळी झाले. तिने गाठोडे उचलले. "नको बाई, पुलाखालीच बरं," एवढेच म्हणाली आणि मुलीचा हात धरून निघून गेली. दुसऱ्या दिवशी आम्ही पुलाखाली गेलो, तर तेथेही ती नव्हती.

काही दिवस मी त्या काळजीवाहकावर रागावलेली होते. नंतर त्याच्याशी बोलणे झाले. महिन्यापूर्वीपर्यंत तो एका गोदामाचा रखवालदार होता. येथे आल्यावर त्याच्या हाती किल्ल्यांचा जुडगा आणि एक रजिस्टर देण्यात आले, शिकवले काहीच नाही. गोदामाच्या दारात जे प्रश्न विचारायचे, तेच तो माणसांना विचारत होता. आणि मी? मी बी.एड. झालेली, वीस वर्षे मुलांना शिकवणारी. मलाही ते शिकवलेले नव्हते.

२०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात २ लाख १० हजारांहून अधिक बेघर मोजले गेले. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने निकष घालून दिला तो असा, की शहरात दर एक लाख लोकवस्तीमागे किमान एक कायमस्वरूपी निवारा असावा आणि तो बारा महिने चोवीस तास उघडा राहावा. इमारत, खाटा, पाणी, शौचालय यांची चर्चा होते, ती व्हायलाच हवी. पण बेघर माणूस आत येईल की दारातूनच परत फिरेल, हे ठरते ते दारातल्या पहिल्या दोन मिनिटांत.

ही दोन मिनिटे शिकवता येतात. बी.एड.ला आम्हाला सूक्ष्म अध्यापन असे. एकच कौशल्य घ्यायचे, पाच-सहा मिनिटांचा पाठ द्यायचा, सोबत्यांकडून चुका ऐकायच्या आणि तोच पाठ पुन्हा द्यायचा. निवाऱ्यातही हे जमेल. एकाने बेघर व्हावे, एकाने काळजीवाहक, तिसऱ्याने फक्त पाहावे. पाहणाराने सांगावे, तू बसून बोललास की उभ्याने? आधी पाणी विचारलेस की कागद? या वर्गात शिकवायला स्वतः फुटपाथवर राहून आलेला माणूस मिळाला, तर त्याच्याइतका चांगला शिक्षक नाही.

पहिला धडा प्रश्नांचा. "या, बसा. पाणी घेता? जेवलात का?" नाव विचारावे आणि त्या नावाने, अहो-जाहो करून बोलावे. बाकीची नोंद एका बाजूला बसून, सावकाश. कागद नसेल तर दार बंद करू नये. ज्याला घर नाही त्याचे आधार कार्ड कसे असेल, असा प्रश्न २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानेही उत्तर प्रदेश सरकारला केला होता.

दुसरा धडा ओळखण्याचा. झोकांड्या खाणारा प्रत्येक माणूस प्यायलेला नसतो. मधुमेहात साखर उतरली, फिट येऊन गेली किंवा डोक्याला मार लागला, तरी माणूस तसाच बरळतो. शंका आली की १०८ला फोन लावावा. दोन आठवड्यांहून जुना खोकला असेल, तर सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी मोफत होते.

तिसरा धडा कायद्याचा. मनोरुग्ण रस्त्यावर भटकताना आढळला, तर त्याला कोठडीत न डांबता चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्य केंद्रात पोहोचवण्याची जबाबदारी २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने पोलिसांवर टाकली आहे. असे रुग्ण बरे होऊन घरी परततात, हे डॉ. भरत वाटवानी यांच्या कर्जतच्या श्रद्धा पुनर्वसन केंद्राने दाखवून दिले आहे. त्यांना २०१८चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मुलांसाठी १०९८, महिलांसाठी १८१, ज्येष्ठांसाठी १४५६७ हे क्रमांक दारात मोठ्या अक्षरांत लिहिलेले असावेत.

चौथा धडा गुपित राखण्याचा. सांगितलेली गोष्ट ही अमानत आहे. त्या रात्री मी याच धड्यात नापास झाले.

आपल्याला हे नवे वाटायला नको. मदिनेत ज्यांना घर नव्हते, ते मस्जिद-ए-नबवीच्या चौथऱ्यावर, सुफ्फ्यावर राहत. प्रेषित मुहम्मद (स.) त्यांच्यासोबत जेवत, त्यांना शिकवत. हजरत अबू हुरैरा (रजि.) त्यांच्यातलेच. बेघर म्हणून आलेली ही माणसे पुढे साऱ्या उम्मतची शिक्षक झाली. उपकार बोलून दाखवल्याने आणि मन दुखावल्याने सदका वाया जातो, हेही सूरह बकरामध्ये आपण वाचतोच.

रमजान आला की आपल्या वस्त्यांतून अन्नाची पाकिटे, कपडे, ब्लँकेट मोकळ्या हाताने निघतात. त्यातला थोडा पैसा शिकवणीसाठी ठेवू या. जकातीतून असा खर्च चालेल का, ते आलिमांना विचारून घ्यावे. नफ्ली सदक्यातून मात्र सुरुवात करता येईल. मस्जिदीच्या किंवा शाळेच्या खोलीत महिन्यातून एक रविवार, एखादी परिचारिका, एखादा वकील, दोन शिक्षक आणि जवळच्या निवाऱ्याचे काळजीवाहक. त्यांचेही ऐकून घ्यावे. तुटपुंज्या पगारावर रात्रपाळ्या करणाऱ्या माणसाशी कोणी मायेने बोलत नसेल, तर त्याच्याकडून मायेची अपेक्षा कशी करायची?

आमच्याकडे पहिली बैठक झाली. तो काळजीवाहकही आला होता. पाठात मी ती बाई झाले आणि तो दारात बसला. पहिल्यांदा त्याने सवयीने आधार कार्डच मागितले आणि सगळे हसले, तोही हसला. दुसऱ्यांदा तो खुर्चीवरून उठला आणि म्हणाला, "या ताई, आधी बसा. पोरगी जेवली का?"

ब्लँकेट वाटायला निघण्याआधी घरातल्या मुलांबरोबर एवढा पाठ करून पाहा.