पोथ्या पळवल्या, पुराण रचलं

१५५९च्या सुमाराची गोष्ट. नव्यानं ख्रिस्ती झालेल्या एकानं सरकारी परवानगीनं एका ब्राह्मणाच्या घरातून पोथ्या पळवल्या आणि गोव्यातल्या जेजुइट पाद्रींना आणून दिल्या. वादात हरवायचं तर आधी समोरच्याचं वाचायला हवं, असा सरळ हिशेब. पाद्रींनी त्यातल्या काहींचं पोर्तुगीजमध्ये भाषांतर करवूनही घेतलं. १५६७ मध्ये गोव्यातल्याच साष्टीतली देवळं पाडली गेली आणि त्याच शतकात, त्याच साष्टीत, रामायण-महाभारताच्या कथा रोमन लिपीत उतरवून घेतल्या गेल्या. त्या वह्या आज पोर्तुगालमध्ये ब्रागाच्या ग्रंथालयात आहेत.

छापखाना आला तोही वाट चुकून. निघाला होता अबिसिनियाला, १५५६ मध्ये गोव्यात उतरला आणि इथलाच झाला.

१५७९ मध्ये जेजुइट थॉमस स्टीफन्स गोव्यात आला. इंग्लंडच्या विल्टशरचा हा माणूस, कॅथलिक म्हणून मायदेशी जगणं अवघड झालेला. त्यानं १५८३ मध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात, इथल्या भाषांची ठेवण ग्रीक-लॅटिनसारखी असल्याचं नोंदवलं आहे. विल्यम जोन्सनं हीच गोष्ट संस्कृतबद्दल जगाला सांगितली ती दोनशे वर्षांनी. त्याच १५८३ मध्ये साष्टीतल्या कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी पाच जेजुइटांना ठार मारलं. त्यातला रुडॉल्फ आक्वाविवा नुकताच अकबराच्या दरबारातून परतला होता.

अशा रक्ताळलेल्या साष्टीत स्टीफन्सनं आयुष्य काढलं. १६१६ मध्ये तिथल्याच राचोलला त्याचं ‘ख्रिस्तपुराण’ छापून निघालं: सुमारे अकरा हजार ओव्या, आदामापासून येशूपर्यंत. मुखपृष्ठावरचं नाव पोर्तुगीज, आत मराठी. प्रकरणांना त्यानं ‘अवस्वरु’ म्हटलं, स्वर्गाला बेलाशक ‘वैकुंठ’. पुराणाच्या आरंभीच नवख्रिस्ती ब्राह्मणाची तक्रार येते: आमची जुनी पुराणं बंद केलीत, मग नवं काही द्या. ज्या संघानं पोथ्या काढून घेतल्या, त्याच संघातल्या पाद्रीनं ही तक्रार आपल्या ग्रंथात ओवीबद्ध करावी, याचं मला अजून नवल वाटतं. पश्चात्ताप म्हणावा, तर तसा पुरावा नाही. मराठीवरची माया मात्र खोटी नव्हे. मराठीला त्यानं दिलेल्या रत्नात हिरा वगैरे उपमा आपण शाळेत घोकल्या. त्यामागचं पोथ्या गमावल्याचं दुःख कोणी सांगितलं नाही.

छपाई मात्र रोमन अक्षरांत. देवनागरीचे खिळे पाडणं जमलं नाही. जोडाक्षरं मोजता मोजता कारागीर थकले असते. मग ‘श’ला पोर्तुगीज रीतीनं एक्स, ‘ट’, ‘ड’, ‘ण’ला तेच अक्षर दोनदा. परक्या जिभेला मूर्धन्य उच्चार धरून ठेवायला केलेली ही खटपट हुशारीची आहे. स्टीफन्सचं कोकणीचं व्याकरणही दियोगू रिबेरोच्या हातून सुधारून, स्टीफन्सच्या मृत्यूनंतर एकवीस वर्षांनी, १६४० मध्ये राचोललाच छापलं गेलं. पुढे एतियेन द ला क्रुआनं संत पीटरवर, आंतोनियु द साल्दान्यानं पादुआच्या संत अँथनीवर मराठीत पुराणं लिहिली. दोघांत क्रुआ अधिक भारी, असं माझं मत.

१६०६च्या धर्मसभेनं ठरवलं होतं: स्थानिक भाषा येत नसेल त्याला गावाचा पाद्री नेमू नये. पण भाषा शिकायला वर्षं लागतात. नव्या पाद्रींना तेवढी सबुरी नव्हती. १६८४ मध्ये फ्रान्सिस्कनांच्या आग्रहावरून व्हाइसरॉयनं हुकूम काढला की लोकांनीच तीन वर्षांत पोर्तुगीज शिकून आपली भाषा सोडावी. त्याआधी दहाएक वर्षं छापखाना थंडावला होता. तो गोव्यात पुन्हा सुरू व्हायला १८२१ उजाडलं. दरम्यान १७५९ मध्ये जेजुइटांचीच हकालपट्टी झाली होती.

‘ख्रिस्तपुराणा’च्या त्या काळच्या छापील प्रतींपैकी एकही आज ठाऊक नाही. लोकांनी हातानं उतरवून घेतलेल्या नकला तेवढ्या टिकल्या. मंगळूरकडे सापडलेल्या अशाच हस्तलिखितांवरून १९०७ मध्ये ते पुन्हा छापलं गेलं, तेही रोमन लिपीत.