शुक्रवारची चादर

पहाटे ४.३०
सावंतवाडीत रात्रभर पाऊस. काकी उठतात ते थेट पडवीत. चुलीवर उंच टांगलेल्या चाळणीत लाकडी आंबे, पेरू, सीताफळं आहेत. एकेकाला हाताच्या मागच्या बाजूने स्पर्श करून पाहतात. बोटाने नाही, ठसा उमटतो. "पाऊस काय ऱ्हवाचो नाय," त्या म्हणतात आणि चार आंबे बाजूला काढतात. व्हार्निश अजून चिकट आहे. उन्हाळ्यात एका दिवसात सुकणारा हात श्रावणात तीन दिवस घेतो. म्हणजे आज बाजाराला चार आंबे कमी.

पहाटे ५.१५
भरणं सुरू. दोन बाचकी. खाली पेंढा, मग फळं, प्रत्येकाला जुन्या वर्तमानपत्राचा कागद. पंचफळाचे संच पुठ्ठ्याच्या खोक्यात. भोवरे सुटे, त्यांना काही होत नाही. भातुकलीचं पोळपाट-लाटणं सगळ्यात वर. काका मोजतात, काकी वहीत लिहितात. फळं ४०, संच ६, भोवरे ३०, भातुकली ४.

आंबा उचलून पाहिला. हाताला जवळजवळ वजनच नाही. लाकूड पांगाऱ्याचं. चरकावर पटकन कातलं जातं, पण आंब्याची ती एका बाजूची वळणदार चोच चरक देत नाही. ती कानशीने काढायची, मग पॉलिश पेपर. त्यावर खडू आणि चिंचोक्याच्या खळीचं अस्तर, मग रंग. देठाजवळचा तांबूस डाग मुलगी लावते, कॉलेजमधून आल्यावर. काकी म्हणतात, गिऱ्हाईक आंबा त्या डागासाठी उचलतं.

सकाळी ६.२०
एसटी स्टँड. काकी एकट्या निघतात. काका मागे राहिले तर चरक चालू राहतो. कंडक्टर दोन बाचक्यांकडे बघतो आणि सामानाचं तिकीट फाडतो. काकींचं तिकीट राज्याच्या हद्दीपर्यंत अर्धं, पुढे पुरं. बांदा गेलं की पत्रादेवी, म्हणजे गोवा. बसमध्ये अर्धी पोरं गोव्यात कामाला चाललेली, डबा मांडीवर, डोळे मिटलेले. एक बाचकं काकींच्या पायांत आहे. वळणावर त्या त्याला गुडघ्याने दाबून धरतात.

सकाळी ८.००
म्हापशाचा शुक्रवार. मिरच्या, नारळ, मातीची मडकी, मयड्याची जाड केळी, दोरीला टांगलेली सॉसेजं. काकींची जागा मडकीवालीच्या शेजारी. मडकीवालीने वीट ठेवून ती राखली आहे. त्याबद्दल तिच्या नातवाला दर महिन्याला एक भोवरा.

चादर अंथरायची, वर प्लास्टिक, चार कोपऱ्यांना चार दगड. तीन वर्षांपूर्वी चादर अर्धी घडी घालून अंथरत होत्या. आता पूर्ण उघडते. बाजारकर घेणारा सोपोवाला येतो, ५० घेतो, पावती देतो. पावती पदराच्या गाठीत जाते. पुन्हा कुणी विचारलं तर दाखवायला.

सकाळी ९.४५
भवानी होते भोवऱ्याने. ४० रुपये. काकी नोट कपाळाला लावतात.

मग एक बाई आंबा उचलते. "कितल्याक?" १२०. "लांकडाचो?" नखाने टकटक करते. शेजारच्या ओळीत प्लास्टिकची फळं डझनावर मिळतात, तिथे बोट दाखवते. काकी काही बोलत नाहीत. तिच्या हातात दुसरा आंबा देतात. दोन्हींचा रंग सारखा नाही. बाई दोन्ही फिरवून बघते आणि १०० ला एक घेते. काकी लगेच १०० ला येतात, ८० ला कधीच नाही.

सकाळी ११.३०
रिसॉर्टला सामान पुरवणारा एक माणूस. चांगला बोलतो. शंभर आंबे हवेत, ६० ला एक, पैसे माल पोचल्यावर महिन्याने. काकी बोटांच्या पेरांवर हिशेब करतात. लाकूड, रंग, व्हार्निश मिळून आंब्याला तीसेक रुपये पडतात. उरलेल्या तिसांत काकांची कातणी, कानस, आपला रंग आणि मुलीचा डाग. "वीस देईन, ८५ ला. रोख." माणूस हसतो, फोन नंबर घेतो, जातो. मडकीवाली विचारते, त्याला जाऊ का दिलंस? काकी म्हणतात, शंभर आंबे त्याच्याकडे गेले तर पुढच्या चार शुक्रवारी चादरीवर काय मांडू?

दुपारी १.००
घरून आणलेली घावणं आणि चटणी. चहा बाहेरचा, २० रुपये. पुण्याहून आलेली जोडपी विचारतात, गंजिफा आहे का? तिसऱ्यांदा. काकी सावंतवाडीच्या राजवाड्याचा पत्ता सांगतात. दशावतारी गंजिफाचा जोड १२० पत्त्यांचा, गोल, प्रत्येक हाताने रंगवायचा. तो बाजारात पावसाखाली मांडायचा जिन्नस नाही. पण काकी पदराखालची वही काढून एक रेघ ओढतात.

ही वही बघण्यासारखी आहे. पानाच्या मधोमध उभी रेघ. डावीकडे 'विकलं', उजवीकडे 'विचारलं'. भोवरे आधी उजवीकडे होते. दोन पावसाळे पोरं विचारत होती, मग काकांनी केले. पंचफळाचं खोकंही उजवीकडूनच डावीकडे आलं. कुणीतरी म्हणालं होतं, भेट द्यायची तर खोकं नको का?

दुपारी २.४०
पावसाची जोरदार सर. प्लास्टिक ओढायचं, फळं पोटाशी घ्यायची. सर थांबते तेव्हा एक वयस्क बाई आडोशालाच उभी आहे. मुलगा परदेशात, तिथे चवथीला गणपतीवर फळांची माटोळी बांधायची म्हणतो. आंबाडे, कवंडळ, सुपारीचा घोस तिथे कुठून आणायचे? ती लाकडी पेरू देठाने धरून हवेत लोंबकळवते. "हीं माटोळेक बांदूंक जातलीं?"

काकी पेरू परत घेतात. स्वतः लोंबकळवून बघतात. हलका आहे. देठाच्या जागी पितळी आकडा बसेल. पण कवंडळ? सुपारी? बाई २१ नग सांगते, ५०० आगाऊ देते. तिसऱ्या शुक्रवारी न्यायला येईन म्हणते. काकी हो म्हणतात आणि लगेच गप्प होतात.

दुपारी ४.३०
आवराआवर. पेंढा ओला झाला, तो मडकीवालीला. एक सीताफळ भिजलंय, खवल्यांवरचा हिरवा फुगला आहे. ते वेगळं, पिशवीत. दोनाचं एक बाचकं झालं. परतीचं सामानाचं तिकीट स्वस्त पडेल.

संध्याकाळी ७.३०
घरी दिव्याखाली वही. फळं ९, चार १२० ला आणि पाच १०० ला : ९८०. संच २ : ११००. भोवरे १४ : ५६०. भातुकली १ : ३५०. एकूण २९९०. बस आणि सामान ३१०, सोपो ५०, चहा दोनदा ४०. विकलेल्या मालाचं लाकूड-रंगाचं ६९०. राहिले १९००. तीन माणसं, एक आठवडा. काकी त्याखाली जास्त जोर देऊन रेघ ओढत नाहीत. आगाऊचे ५०० वेगळ्या डब्यात.

उजवीकडे : गंजिफा, तीन वेळा. मोदक, एकदा. माटोळी, २१.

रात्री ९.००
चरक पुन्हा चालू. भोवऱ्यांची उरलेली टोकं काकांनी टोपलीत साठवली आहेत, चुलीसाठी. आता त्यातलंच एक टोक चरकावर. सुपारी करून बघू म्हणतात. भुसा उडतो. मुलगी फोनवर कवंडळाचा फोटो शोधते आहे. तो लाल आपल्याकडे नाही, सोमवारी आणावा लागेल.

काका तुकडा काढून काकींच्या तळव्यावर ठेवतात. काकी तो दिव्यापुढे धरतात.

"अवो, ही सुपारी न्हय. लिंबू झालां."

काका दुसरं टोक उचलतात. काकी पहिलं चुलीत टाकत नाहीत. माटोळीत लिंबूही लागतं.