फारकत आई-बापाची, लेकराच्या औषधपाण्याची नव्हे

फारकत होते तेव्हा भांडी वाटली जातात, दागिन्यांचा हिशेब होतो. लेकरू आजारी पडले तर दवाखान्याचा खर्च कोणी करायचा, हे मात्र कागदावर येत नाही. मग रात्री-अपरात्री लेकराला कर्जतहून नगरला हलवायची वेळ आली की आई उसनवारीला निघते. वस्त्यांमध्ये काम करताना आम्ही हे वारंवार पाहतो.

कायदा काय सांगतो? १९५६ चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा आपल्या बौद्धांनाही लागू आहे. त्यानुसार मुलाला सांभाळण्याची जबाबदारी आई आणि बाप दोघांची आहे आणि त्यात औषधोपचारही येतात. पंचांसमोर स्टॅम्पपेपरवर ‘मुलाचा खर्च मागणार नाही’ असे आईने लिहून दिले असले, तरी तो हक्क बुडत नाही. हक्क लेकराचा आहे, आईला तो परस्पर सोडता येत नाही.

नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून वर गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी निकाल दिला. मुलाच्या पोटगीत अन्न, वस्त्र, निवारा, शिक्षण यांबरोबर औषधपाणीही धरावे, असे त्यात सांगितले आहे. आई पुरेसे कमावत असेल तर शिक्षणाचा खर्च दोघांत कमाईच्या प्रमाणात वाटता येतो, असेही म्हटले आहे. औषधपाण्याची वाटणीही त्याच रीतीने ठरवता येईल. समजा, राशीनची आई महिना ८ हजार कमावते आणि बाप १६ हजार. विम्याचा हप्ता ६ हजार असेल, तर आईचे २ हजार, बापाचे ४ हजार.

विकतचा विमा परवडत नसेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. ठरलेल्या रुग्णालयांत, यादीतल्या उपचारांसाठी कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण मिळते. पण ही रक्कम रेशनकार्डावरच्या सगळ्यांची मिळून असते. लेकराचे नाव बापाच्या कार्डावर आणि कार्ड बापाच्या घरी असेल, तर आयत्या वेळी आईची अडचण होते. म्हणून तहसील कचेरीच्या पुरवठा शाखेत जाऊन लेकराचे नाव आईच्या कार्डावर घ्या. माहितीसाठी १५५३८८ हा क्रमांक आहे. बाप कंपनीत असेल आणि पगारातून ईएसआय कापले जात असेल, तर तिथे लेकराचे नाव आहे का, तेही पाहा.

तडजोडीच्या कागदात किंवा कोर्टातल्या अर्जात एवढे लिहून घ्याच :

• विमा कोणी काढायचा, हप्ता कोणी किती आणि कोणत्या तारखेला भरायचा.

• विम्यात न बसणारा खर्च, म्हणजे गोळ्या, तपासण्या, गाडीभाडे, कसा वाटायचा.

• विम्याच्या कागदांची आणि कार्डाची प्रत दोघांकडे राहील.

• बिल दाखवल्यावर किती दिवसांत पैसे द्यायचे.

हप्ता चुकला तर विमा बंद पडतो. तेव्हा तारीख दोघांनीही लक्षात ठेवावी.

बाप ऐकत नसेल तर पोटगीचा अर्ज करा. पूर्वीच्या कलम १२५ ऐवजी आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ आहे. तालुका विधी सेवा समितीकडून स्त्रियांना आणि मुलांना वकील मोफत मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. बिले, औषधांच्या चिठ्ठ्या, डिस्चार्ज कार्ड एका पिशवीत जपून ठेवा. कोर्टात हीच कागदे लेकराच्या बाजूने बोलतात.